गाणं ऐकणाऱ्या घरासाठी स्टिरिओ: निवड, मांडणी आणि सुधारणा

इंदूरच्या मराठी घरांत गाण्याची आवड पिढ्यांची आहे. ज्यावर ते ऐकायचं ती यंत्रं मात्र बहुधा दुकानदाराच्या सांगण्यावरून घरात येतात. दुकानात छाती हादरवणारा बेस ऐकवला जातो, खोक्यावर हजारो वॉटचा आकडा छापलेला असतो. घरी आणून ख्याल लावला की गायकाच्या तोंडावर गोधडी टाकल्यासारखा आवाज येतो. मग 'आपल्याला यातलं काही कळत नाही' म्हणून माणूस गप्प बसतो. खरं तर यात कळायला अवघड असं फारसं काही नाही. पहिल्यांदाच स्टिरिओ घेणाऱ्यांसाठी, आणि घरात आहे तोच सुधारू पाहणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: आपण काय ऐकतो ते ठरवा

सगळी निवड यावर अवलंबून आहे. पुरुष गायकाची पट्टी काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) धरली तर त्याचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३८ कंपनांचा, आणि तानपुऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर येते. बायकांची पट्टी काळी चार-काळी पाच धरली तर षड्ज २०८ ते २३३ हर्ट्झच्या दरम्यान. डग्ग्याचा घुमारा शंभरच्या खाली-वर. म्हणजे ख्याल, नाट्यगीत, अभंग, भावगीत हे सगळं जवळजवळ ६५-७० हर्ट्झच्या वरच घडतं. त्याखाली ऑर्गन, सिंथेसायझर आणि सिनेमातले स्फोट असतात.

याचा सरळ अर्थ असा, की गाणं ऐकणाऱ्याला सबवूफरची, म्हणजे फक्त अगदी खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरची, घाई नको. ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा जोडीचा स्पीकर तुमचं बहुतेक सगळं संगीत वाजवतो. खरी परीक्षा मधल्या पट्ट्यात, साधारण २०० ते ४००० हर्ट्झमध्ये असते. गळ्याचा पोत, शब्दांची व्यंजनं, सारंगीचा गज, तानपुऱ्याची जवारी, हे सारं तिथलं. तानपुऱ्यात तर मूळ स्वरापेक्षा वरचे सहायक नादच जास्त जोरदार असतात. मधला पट्टा खोटा असेल तर तानपुरा नुसता भुणभुणतो.

तुम्ही मुख्यतः सिनेमा बघणार असाल तर ५.१ होम थिएटर घ्या, त्यात काही गैर नाही. पण तेवढ्याच पैशांत पाच स्पीकर आणि एक सबवूफर आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती गुणवत्ता आली असेल याचा हिशेब करा. गाण्यासाठी दोनच स्पीकर, पण चांगले.

दुसरी पायरी: खोली मोजा

टेप घ्या आणि लांबी, रुंदी, उंची लिहून ठेवा. खोली स्वतःच एक वाद्य आहे आणि तिचे स्वर ठरलेले असतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेचा पहिला घुमणारा स्वर मिळतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणून ४७ हर्ट्झ. १० फुटाला ५६ हर्ट्झ. चौरस खोलीत दोन्ही दिशांचा घुमारा एकाच स्वरावर साचतो, म्हणून घरात पर्याय असेल तर चौरस खोली टाळा.

एक उदाहरण नीट बघा, कारण ते आपल्या गाण्याला थेट भिडतं. सोळा फुटी दिवाणखान्यात पहिला स्वर ३५ हर्ट्झचा, तो आपल्या कामाचा नाही. पण त्याची दुप्पट ७० हर्ट्झ, म्हणजे काळी एकच्या खर्जाला जवळजवळ चिकटलेली. अशा खोलीत मागच्या भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर बसून मंद्र ऐकलं की एखादाच स्वर अंगावर येतो आणि बाकीचे मागे राहतात. लोक स्पीकरला दोष देतात. या ७० हर्ट्झच्या लाटेचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत जास्त असतो. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे चार फुटांवर, तो जवळजवळ शून्य होतो. सोफा चार फूट पुढे ओढून बघा. एक पैसा खर्च होत नाही आणि फरक घरातल्या लहान पोरालाही सांगता येतो.

तिसरी पायरी: स्पीकर

एकूण पैशांतला निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त वाटा स्पीकरला द्या. चाळीस हजार काढले असतील तर वीस-बावीस हजार इथे. यंत्रायंत्रांतला सर्वांत मोठा फरक स्पीकरमध्येच असतो.

आपल्याकडच्या दहा बाय बारा किंवा बारा बाय सोळाच्या खोल्यांना पाच ते साडेसहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या खोक्याचे, स्पीकर पुरतात. नाव बुकशेल्फ असलं तरी ते पुस्तकांच्या फळीवर कोंबायचे नसतात, त्याबद्दल पुढे. उभे मोठे टॉवर छोट्या खोलीत आणले तर बहुतेक वेळा जास्तीचा बेस आवरण्यातच वर्ष जातं.

ॲक्टिव्ह घ्यायचे की पॅसिव्ह? ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो: वायरी कमी, जुळवाजुळव नाही, नवख्याला सोपे. पॅसिव्हला वेगळा ॲम्प लागतो, पण एक भाग बिघडला तर तेवढाच दुरुस्त होतो आणि पुढे हवं तसं बदलता येतं. इंदूरसारख्या शहरात दुरुस्तीचा विचार करावाच लागतो. साधा ॲम्प उघडून बसणारा कारागीर इथे सापडतो, ॲक्टिव्ह स्पीकरच्या बारीक सर्किट बोर्डाला हात लावणारा सहसा सापडत नाही. माझा कल म्हणून पॅसिव्हकडे. ज्यांना खटपट नकोच आहे त्यांनी बेलाशक ॲक्टिव्ह घ्यावेत.

चौथी पायरी: ॲम्प्लिफायर

खोक्यावरचा पी.एम.पी.ओ. हा आकडा सरळ सोडून द्या. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. आर.एम.एस. वॉट (सतत देता येणारी शक्ती) किती आणि किती ओहमच्या (ओहम हे विजेच्या रोधाचं माप) स्पीकरला, एवढंच विचारा.

किती वॉट लागतात? स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते, समजा ८६ डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप). म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल. अडीच मीटरवर बसलात तर साधारण ८ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ वाढतात. म्हणजे एका वॉटला ८० डेसिबलच्या आसपास आवाज तुमच्या कानाशी पोचतो आणि घरात गाणं ऐकायला तो भरपूर आहे. तबल्याच्या थापेसाठी आणि तारसप्तकातल्या पुकारीसाठी वर जागा हवी, तीही धरली तरी ३० ते ५० वॉटचा प्रामाणिक ॲम्प पुरतो. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून ५० ऐवजी १०० वॉटसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

ओहम मात्र जुळवा. ॲम्पवर किमान ८ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर जोडू नका. एकाच जोडणीवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले तर तेही ४ ओहमच होतात, हे लग्नकार्यात हौसेने जादा स्पीकर जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पाचवी पायरी: दुकानात कसं ऐकायचं

महाराणी रोड आणि जेल रोडवर फिरताना आपलं गाणं आपल्यासोबत न्या. दुकानातला नमुना त्याच यंत्राला शोभावा म्हणून निवडलेला असतो. मी तीन प्रकारचं घेऊन जातो. एक उस्ताद अमीर खाँसाहेबांची विलंबित बढत. इंदूर घराण्याच्या या गवयाचा (१९१२–१९७४) मंद्रातला सूर भरदार, पण स्वच्छ आहे. बेस फुगवलेला स्पीकर तो लगेच चिखल करून टाकतो. दुसरं शेजारच्या देवासच्या कुमारजींचं गाणं, ज्यात सूर एकदम झेपावतो आणि तसाच थांबतो. स्पीकर सुस्त असेल तर ती धार जाते. तिसरं, घरात रोज वाजणारं, तोंडपाठ असलेलं कुठलंही भावगीत. शब्द पाठ असले की कुठला 'स' टोचतो आणि कुठला 'त' गिळला जातो ते पटकन कळतं.

बेस बूस्ट, लाउडनेस, थ्रीडी, सराउंड, जे काही दाबलेलं असेल ते बंद करायला सांगा. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, फोनमधलं साधं डेसिबल मोजणारं ॲपही चालेल. थोडा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मग आवाज हळू करा. हळू आवाजातही शब्द कळत असतील आणि तानपुरा भरलेला राहत असेल तर तो स्पीकर चांगला. निदान अर्धा तास ऐका. पहिल्या दोन मिनिटांत चमकदार वाटणारा आवाज वीस मिनिटांनी कान थकवतो.

पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. जास्त लिहायची गरज नाही.

सहावी पायरी: मांडणी

मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो आणि तुम्हीही घालवावा. चांगल्या घरांत हजारोंचे स्पीकर शोकेसवर, एक टीव्हीच्या बाजूला आणि दुसरा दरवाजामागे, असे बघितले की जीव हळहळतो.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकरांमधलं अंतर सहा फूट, तर तुम्हीही दोघांपासून सहा फुटांवर. स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून एक-दीड फूट तरी पुढे, कोपऱ्यापासून दूर. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर बेस फुगवतो. दोन्ही बाजूंना परिस्थिती शक्यतो सारखी हवी: एकीकडे काचेचं कपाट आणि दुसरीकडे उघडी गॅलरी असं नको.

उंचीचा मुद्दा आपल्या घरांत वेगळा आहे, कारण अनेक जण खाली गादीवर बसून ऐकतात. वरचे सूर वाजवणारा छोटा ट्वीटर कानाच्या पातळीवर हवा. खुर्चीत कान जमिनीपासून साधारण ३६ ते ४० इंचांवर असतो, गादीवर २८ ते ३० इंचांवर. तुमच्या बैठकीत कान किती उंच ते मोजा. स्पीकरच्या बुडापासून ट्वीटर किती वर आहे तेवढं त्यातून वजा करा. उरली ती स्टँडची उंची. तयार स्टँड खुर्चीच्या हिशेबाने बनवलेले असतात. गादीवर बसणाऱ्यांनी वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा स्टँड आपल्या मापाने करून घ्यावा, पाइपात कोरडी वाळू भरावी आणि वर रबराचे तुकडे ठेवून स्पीकर बसवावा.

आता खोलीचे कठीण पृष्ठभाग. आपल्याकडे फरशी कोट्याची किंवा टाइल्सची, भिंती गुळगुळीत, खिडकीला काच. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' असा झणझणीत शेपूट ऐकू आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा. मग घरातल्या कुणाला तरी हातात छोटा आरसा देऊन बाजूच्या भिंतीवर तो सरकवायला सांगा आणि तुम्ही तुमच्या जागी बसून बघा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथून आवाज आपटून तुमच्याकडे येतो. त्या जागी जाड पडदा, कापसाची रजई किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट हवं. रामबागेतल्या एका मावशींकडे आम्ही हे केलं तेव्हा ती जागा नेमकी काच लावलेल्या फोटोची निघाली. फोटो समोरच्या भिंतीवर गेला, तिथे दुहेरी कापडाचा पडदा आला. गायकाचा आवाज डाव्या भिंतीकडे कलत होता तो मधोमध आला, आणि मावशींनी स्वतःहून सांगितलं की पेटी आता वेगळी ऐकू येते. एम.टी. क्लॉथ मार्केटमधून जाड कापड आणून असा पडदा शिवून घ्यायला फार खर्च येत नाही.

अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका. त्यांनी बेसला काहीही होत नाही आणि वरचे सूर वेडेवाकडे होतात.

एक कसोटी सांगतो. जुन्या ध्वनिमुद्रिका मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरांत हुबेहूब एकच आवाज जातो. अशी एखादी लावा आणि डोळे मिटा. गायक बरोबर दोन स्पीकरांच्या मध्ये, एका ठिकाणी उभा वाटला पाहिजे. तो पसरलेला, डोक्याभोवती फिरणारा वाटत असेल आणि बेस पातळ असेल तर एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या आहेत. लाल लालला, काळी काळीला. नव्याने बसवलेल्या सिस्टिममध्ये ही चूक फार वेळा सापडते, आणि लोक महिनोन्महिने तशाच आवाजात ऐकत राहतात.

वायर, वीज आणि गुरगुर

स्पीकरच्या वायरीवर कुणी हजारो रुपये मागितले तर नमस्कार करून निघा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. पाच मीटर वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे नगण्य. घराच्या वायरिंगला वापरतात ती अनेक तारांची लवचीक वायर चालते, फक्त शुद्ध तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर नको. ती चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते.

स्पीकरमधून सतत गुरगुर येत असेल तर बहुतेक वेळा अर्थिंगचा घोटाळा असतो. ॲम्प, टीव्ही, सेटटॉप बॉक्स वेगवेगळ्या पॉइंटवरून चालत असतील तर सगळे एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर आणा. मग एकेक जोडणी काढून बघा, कुठली काढल्यावर गुरगुर थांबते. अनेकदा केबल टीव्हीची वायर निघते. काही जण प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात आणि गुरगुर थांबल्याचा आनंद मानतात. हे कधीही करू नका, अंगावर करंट येण्याचा धोका आहे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

आणि कूलर. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत तानपुरा ऐकू येणं शक्य नाही, आवाज कितीही वाढवला तरी. आधी खोली गार करून घ्या, मग अर्धा तास कूलर बंद, पंखा दोनवर.

गाणं कुठून वाजवायचं

सीडीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट एवढी माहिती असते आणि ती कानाला पुरते. फोनवरून ऐकत असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन दर्जा सर्वांत वरचा ठेवा आणि फोनमधले सगळे ध्वनी-परिणाम बंद करा. ब्लूटूथ सोयीचं आहे, पण शक्य तिथे वायरीने किंवा वायफायने जोडा. एक साधा यू.एस.बी. डॅक (डिजिटल माहितीचं ॲम्पला समजेल अशा संकेतात रूपांतर करणारी डबी) फोन आणि ॲम्पच्या मध्ये लावला की स्रोताचं काम झालं, महागड्या डॅकने पडणारा फरक सोफा सरकवण्याच्या जवळपासही येत नाही.

घरातला जुना ठेवा

अनेक घरांत सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्सचे जुने ॲम्प आणि स्पीकर माळ्यावर आहेत. टाकून देऊ नका. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर कारागिराकडून बटणाच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करणारा फवारा) मारून घ्या आणि ते वीस-पंचवीस वेळा फिरवा, बहुतेकदा एवढ्यावर भागतं. वूफरच्या कडेची फोमची पट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. भुगा झाला तर ती बदलून मिळते. रबराची असेल तर सहसा टिकलेली असते. जुन्या ॲम्पला स्पीकर जोडण्याआधी कारागिराकडून स्पीकरच्या जोडणीवर मल्टीमीटरने डी.सी. मोजून घ्या: ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, बरंच जास्त असेल तर दुरुस्तीशिवाय वापरू नका, स्पीकर जळतो. ॲम्प स्वतः उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते.

रेकॉर्ड प्लेयर असेल तर त्याला ॲम्पवर फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेयरसाठीची खास जोडणी) किंवा वेगळा फोनो प्रीॲम्प लागतो, नाहीतर आवाज बारीक आणि किरटा येतो. सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकते ते छोट्या डिजिटल काट्यावर तोला. आजच्या बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजना (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास भार लागतो, नेमका आकडा कार्ट्रिजच्या माहितीत असतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डी एल.पी.च्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते आणि जाड टोकाची सुई वेगळी मिळते.

कॅसेटी सर्वांत जास्त दुर्लक्षित आहेत, आणि घरच्या मैफलींची मुद्रणं त्यांतच आहेत. प्लेयरचा हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, तपकिरी डाग कापसावर यायचा थांबेपर्यंत. तरीही आवाज मंद वाटला तर हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो हेडचा तिरकेपणा ठरवतो. ॲम्पला मोनोचं बटण असेल तर दाबा, कॅसेट चालू ठेवा आणि स्क्रू अगदी पाव फेऱ्याच्या आत इकडे-तिकडे फिरवा. ज्या जागी व्यंजनं आणि झांजेचा आवाज सर्वांत उजळ येतो ती त्या कॅसेटची जागा. तिथे ठेवूनच ती संगणकावर उतरवून घ्या. दुसऱ्या यंत्रावर मुद्रित झालेली कॅसेट घातली की ही जागा पुन्हा शोधावी लागते.